पॅसिव्हमधील क्रियाविशेषण : कर्तालोपाच्या सिद्धांताची फेरतपासणी

१

इंग्रजी गद्याविषयी विसाव्या शतकात ज्या समजुती रूढ झाल्या त्यांपैकी पॅसिव्ह रचनेविषयीची समजूत विशेष चिवट ठरली. पॅसिव्ह कर्त्याला वाक्याबाहेर घालवितो. कर्ता बाहेर गेला की जबाबदारीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून प्रामाणिक लेखकाने पॅसिव्ह टाळावा आणि सावध वाचकाने त्याच्याकडे संशयाने पाहावे, असा या समजुतीचा आशय आहे. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४६ च्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधाने तिला नियमाचे रूप दिले. ॲक्टिव्ह वापरणे शक्य असेल तेथे पॅसिव्ह कधीही वापरू नये, हा त्या निबंधाच्या अखेरीस दिलेल्या सहा नियमांपैकी एक नियम. पुढे रॉजर फाउलर, बॉब हॉज, गुंथर क्रेस आणि टोनी ट्रू यांच्या ‘लँग्वेज अँड कंट्रोल’ (१९७९) या ग्रंथाने याच समजुतीला सैद्धांतिक अधिष्ठान मिळवून दिले. वाक्यातून कर्ता वगळणे ही केवळ शैलीची निवड नसून ती विचारप्रणालीची कृती होय, हे गृहीत तेव्हापासून चिकित्सक भाषाविज्ञानाच्या पायाशी आहे.

या भूमिकेतील एक अडचण ऑर्वेल यांच्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात दिसते. इंग्रजीची अवस्था बिघडली आहे, पण त्यावर जाणीवपूर्वक काही उपाय करता येणार नाही असा लोकांचा समज आहे, हे सांगताना ऑर्वेल स्वतःच ‘असूम’ या क्रियापदाचा पॅसिव्ह वापरतात आणि त्याला ‘जनरली’ हे क्रियाविशेषण जोडतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरियम-वेब्स्टरच्या इंग्रजी प्रयोगकोशाने तर मोजणी करून दाखविले की, नियतकालिकांतील गद्यात पॅसिव्हचे प्रमाण जास्तीत जास्त १३ टक्के आढळले असताना या निबंधात ते २० टक्क्यांहून थोडे अधिक आहे. ही विसंगती दाखवून ऑर्वेल यांना कोंडीत पकडण्याचा उद्योग पुष्कळांनी केला आहे. त्यात फारसे स्वारस्य नाही. महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. त्या पहिल्या वाक्यात कर्ता नसूनही कोणाला काही लपविल्यासारखे का वाटत नाही? याचे उत्तर ‘जनरली’ या शब्दात आहे. गळालेल्या कर्त्याच्या जागी कोण होते, हे तो शब्द सांगून जातो : कोणी एक व्यक्ती नव्हे, तर सर्वसामान्य लोक.

पॅसिव्हविषयीच्या चर्चेत क्रियापदाच्या रूपाकडे जेवढे लक्ष दिले गेले तेवढे त्याला लागून येणाऱ्या क्रियाविशेषणाकडे दिले गेलेले नाही. वस्तुतः रोजच्या इंग्रजीतील पॅसिव्ह फार वेळा एकटा येत नाही. माणसे ‘सीरियसली इन्जर्ड’ होतात, सूचना ‘स्ट्राँगली रेकमेंडेड’ असतात, प्रस्ताव ‘वाइडली क्रिटिसाइज्ड’ असतात, दिवंगत व्यक्ती ‘सॅडली मिस्ड’ असतात. अशा जोड्यांत कर्त्याचे काय होते हे तपासल्याशिवाय कर्तालोपाचा सिद्धांत स्वीकारणे किंवा नाकारणे घाईचे ठरेल.

मराठी व्याकरणातील कर्मणी प्रयोगाशी या रचनेची गल्लत होऊ नये यासाठी येथे ‘पॅसिव्ह’ हीच संज्ञा ठेवली आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग असला तरी त्यात कर्ता ठसठशीतपणे उपस्थित असतो. पॅसिव्हमध्ये मात्र कर्मच वाक्याचे उद्देश्य होते आणि कर्ता सांगणे ऐच्छिक ठरते. व्यवहारात तो बहुधा सांगितलाच जात नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणानुसार इंग्रजीतील दर पाच पॅसिव्ह वाक्यांपैकी सुमारे चारांत कर्त्याचा उल्लेख नसतो. म्हणजे कर्ता गळणे ही या रचनेची सर्वसाधारण स्थिती आहे. त्यात दरवेळी हेतू शोधणे व्यर्थ आहे.

२

प्रथम जागेचा विचार केला पाहिजे. इंग्रजीत क्रियाविशेषण वाक्यात कोठे बसते यावर त्याचा अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो, आणि पॅसिव्हमध्ये या जागांची मांडणी बदलते.

‘दे बिल्ट द हाउस बॅडली’ हे वाक्य सहज आहे. ‘दे बॅडली बिल्ट द हाउस’ हे मात्र इंग्रजी कानाला खटकते. पॅसिव्हमध्ये ‘द हाउस वॉज बॅडली बिल्ट’ हीच सर्वांत स्वाभाविक रचना होते. ‘वेल’ या शब्दाच्या बाबतीत हा फरक अधिकच तीव्र आहे. ‘शी वेल रोट द बुक’ असे कोणी म्हणणार नाही. ‘द बुक वॉज वेल रिटन’ असे सगळेच म्हणतात. ‘वेल’, ‘बॅडली’ यांसारखी केवळ गुणदोष सांगणारी क्रियाविशेषणे ॲक्टिव्ह वाक्यात कर्माच्या पलीकडे, वाक्याच्या टोकाला राहतात. पॅसिव्हमध्ये तीच धातुसाधिताच्या पुढ्यात येऊन त्याला चिकटतात.

आता ‘द स्टॉर्म बॅडली डॅमेज्ड द हाउस’ हे वाक्य पाहावे. येथे ‘बॅडली’ ॲक्टिव्हमध्येही क्रियापदाच्या आधी येऊ शकते. कारण या ठिकाणी ते ‘वाईट रीतीने’ असे सांगत नाही, ‘फार मोठ्या प्रमाणात’ असे सांगते. एक रीतिवाचक ‘बॅडली’ आणि दुसरे परिमाणवाचक ‘बॅडली’ ॲक्टिव्हमध्ये आपापल्या जागांमुळे वेगळे ओळखू येतात. पॅसिव्हमध्ये मात्र ‘बॅडली बिल्ट’ आणि ‘बॅडली डॅमेज्ड’ यांत दोन्ही एकाच जागी येतात. पहिल्यात बांधणाऱ्याच्या कामावर ठपका आहे. दुसऱ्यात केवळ हानीचे मोजमाप आहे. पॅसिव्हने ठपका आणि मोजमाप एकाच आसनावर बसविली, असे म्हणता येईल. वाचकाला त्यांतील भेद रचनेवरून कळत नाही. तो क्रियापदाच्या अर्थावरून करावा लागतो.

साहाय्यक क्रियापदे एकाहून अधिक असतील तेथे आणखी एक भेद दिसतो. ‘द ब्रिज हॅज प्रॉबब्ली बीन बॅडली डॅमेज्ड’ या वाक्यात दोन क्रियाविशेषणे आहेत आणि त्यांची अदलाबदल होऊ शकत नाही. ‘प्रॉबब्ली’ पहिल्या साहाय्यक क्रियापदानंतर, काळाच्या खुणेजवळ बसते. ‘बॅडली’ धातुसाधिताजवळ बसते. काळाजवळची जागा बोलणाऱ्याची, धातुसाधिताजवळची जागा क्रियेची, अशी ही विभागणी आहे. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रयोगकोशात, साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये ही भीती निराधार असल्याचे सांगितले होते. इंग्रजी वाक्यात तो मधला प्रदेश रिकामा ठेवण्यासाठी नाहीच. बोलणाऱ्याचा अंदाज, कर्त्याचा हेतू, क्रियेची रीत आणि परिणामाची तीव्रता हे चौघेही तेथे जागा मागत असतात.

३

या चौघांपैकी परिणामाची तीव्रता सांगणारी क्रियाविशेषणे सर्वाधिक आढळतात आणि कर्त्याविषयी सर्वांत कमी बोलतात. ‘बॅडली डॅमेज्ड’, ‘सीरियसली इन्जर्ड’, ‘हेविली पोल्यूटेड’, ‘डीपली रूटेड’ या जोड्या घडलेल्या क्रियेपेक्षा उरलेल्या स्थितीचे वर्णन करतात. धातुसाधित येथे विशेषणाच्या जवळ सरकलेले असते. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या पॅसिव्हपासून केवळ पॅसिव्हसारख्या दिसणाऱ्या रचनांपर्यंत एक चढती-उतरती श्रेणी मांडली आहे. ‘मच ॲडमायर्ड’ आणि ‘व्हेरी वरीड’ यांतील फरक त्या श्रेणीचा द्योतक आहे. ‘व्हेरी’ लागू शकले की धातुसाधित पूर्णतः विशेषण झाले असे समजावे. जेथे ‘मच’ लागते तेथे त्याच्यात क्रियेचा काही अंश शिल्लक असतो.

‘द गेट वॉज क्लोज्ड’ हे वाक्य एकटे असताना दार कोणी तरी लावले की ते लागलेले होते, हे सांगता येत नाही. ‘क्विकली’ जोडताच घटना समोर येते आणि तिच्यामागे एक हात जाणवतो. ‘स्टिल’ जोडताच केवळ स्थिती उरते आणि तो हात नाहीसा होतो. दोन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप तेच आहे. तेव्हा कर्ता लोपला की नाही हा निर्णय येथे क्रियापदाने केलेला नाही, क्रियाविशेषणाने केला आहे.

स्थितीचे वर्णन करणाऱ्या या जोड्यांविषयी ‘कर्ता लपविला’ असा आक्षेप घेण्यात फारसा अर्थ नसतो. पुरामुळे रस्ता ‘बॅडली डॅमेज्ड’ झाला असेल तर लपविण्याजोगा कर्ता मुळात नसतोच. ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ मध्ये पॅसिव्हच्या निवडीची जी कारणे दिली आहेत, त्यांत कर्ता अज्ञात असणे, तो संदर्भावरून उघड असणे आणि कर्मच अधिक लक्षवेधी असणे ही कारणे आहेत. दैनंदिन व्यवहारातील बहुसंख्य पॅसिव्ह या निरुपद्रवी कारणांनी येतात.

तथापि या वर्गातही एक धोका आहे आणि तो शब्दांच्या सवयीतून येतो. शब्दाचा अर्थ त्याच्या नेहमीच्या सोबत्यांवरून कळतो, हा जे. आर. फर्थ यांचा १९५७ मधील विचार इंग्रजी क्रियाविशेषणांच्या बाबतीत विशेषत्वाने पटतो. सिडनी ग्रीनबॉम यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, क्रियाविशेषणापर्यंत आणून सोडलेली वाक्ये इंग्रजी भाषकांकडून पूर्ण करवून घेतली. ‘आय बॅडली’ असा आरंभ दिला असता ‘नीड’ आणि ‘वाँट’ ही क्रियापदे पुढे आली. ‘मी’ कर्ता असताना ‘बॅडली’ने गरज मोजली जाते, पॅसिव्हमध्ये त्याच शब्दाने इजा मोजली जाते. पुढे जॉन सिंक्लेअर यांच्या संगणकीय भाषासंग्रहांवरील कामामुळे आणि बिल लाउ यांच्या १९९३ च्या लेखामुळे हे स्पष्ट झाले की, नेहमीच्या सोबत्यांचा रंग शब्दाला लागतो. ‘अटरली’ हे क्रियाविशेषण वरवर पाहता केवळ परिमाण सांगते. पण ते सतत अप्रिय शब्दांच्या संगतीत वावरत असल्यामुळे तटस्थ राहिलेले नाही.

या सवयीचा परिणाम असा होतो की ‘स्ट्राँगली कंडेम्ड’, ‘सिव्हिअरली क्रिटिसाइज्ड’, ‘वॉर्मली रिसीव्ह्ड’ यांतील क्रियाविशेषण काहीही मोजीनासे होते. ज्याचा निषेध ‘स्ट्राँगली’ झाला नाही असा निषेध वृत्तपत्रांत क्वचितच असतो. येथे कर्त्याचा लोप ही किरकोळ बाब आहे. खरा लोप मूल्यमापनाचा झालेला असतो. निवाडा शब्दांत दिसतो, पण तो कोणी तोलून दिलेला नसतो.

४

कर्त्याच्या मनाविषयी बोलणारी क्रियाविशेषणे हा विषयाचा गाभा होय. ‘डेलिबरेटली’, ‘रिलक्टंटली’, ‘विलिंगली’, ‘केअरलेसली’ या शब्दांना एक मन लागते. हेतू, नाखुशी किंवा निष्काळजीपणा हा कोणाचा तरी असावा लागतो. पॅसिव्ह वाक्यात तो कोणाचा?

या प्रश्नाने परिवर्तनवादी व्याकरणाला अडचणीत आणले होते. चॉम्स्की यांच्या १९५७ च्या मांडणीत पॅसिव्ह हे एक परिवर्तन होते. ॲक्टिव्ह वाक्याचे घटक हलवून ते मिळत असे. घटक हलविल्याने मूळ नाते बदलत नसेल तर क्रियाविशेषणाचे नातेही बदलू नये. रे जॅकेंडॉफ यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की ते बदलते. ‘द डॉक्टर रिलक्टंटली एग्झॅमिन्ड द पेशंट’ या वाक्यात नाखुशी निःसंशय डॉक्टरची आहे. ‘द पेशंट रिलक्टंटली वॉज एग्झॅमिन्ड बाय द डॉक्टर’ असे म्हटले की ती रुग्णाकडे जाते. ‘द पेशंट वॉज एग्झॅमिन्ड रिलक्टंटली बाय द डॉक्टर’ असे म्हटले की ती पुन्हा डॉक्टरकडे येते. आणि ‘वॉज रिलक्टंटली एग्झॅमिन्ड’ या मधल्या जागी ती दोघांपैकी कोणाचीही असू शकते. म्हणजे पॅसिव्हमध्ये मनाचे दोन दावेदार निर्माण होतात : एक क्रिया करणारा आणि दुसरा ती भोगणारा. क्रियाविशेषणाची जागा त्यांच्यातील वाद सोडविते किंवा तसाच ठेवते.

क्रिया भोगणाऱ्याला मनच नसेल तर हा वाद संपतो, आणि एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. ‘द फाइल्स वेअर डेलिबरेटली डिस्ट्रॉइड’ या वाक्यात कर्ता नाही. फायलींना हेतू नसतो. तरीही वाक्य पूर्ण आहे आणि ‘डेलिबरेटली’ निराधार वाटत नाही. कारण त्याला हवे असलेले मन वाक्यात अदृश्य रूपाने उपस्थित आहे. याची खात्री तुलनेने होते. ‘द शिप वॉज डेलिबरेटली संक’ हे निर्दोष आहे. ‘द शिप डेलिबरेटली सँक’ हे, जहाजालाच इच्छाशक्ती बहाल केल्याखेरीज, अशक्य आहे. दोन्ही वाक्यांत बुडविणाऱ्याचे नाव नाही. पण पॅसिव्हमध्ये त्याची जागा राखून ठेवलेली आहे आणि अकर्मक वाक्यात ती जागाच नाही. जहाज विम्याच्या पैशांसाठी बुडविले गेले असे पॅसिव्हमध्ये म्हणता येते; ते विम्याच्या पैशांसाठी आपोआप बुडाले असे म्हणता येत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष कर्तालोपाच्या सिद्धांताला थेट छेद देतो. पॅसिव्ह कर्त्याचे नाव वगळतो, कर्त्याला वगळीत नाही. कर्त्याला खरोखर नाहीसे करणारी रचना अकर्मक क्रियापदाची आहे, आणि तिच्याकडे संशयाने पाहा असे लेखनाचे धडे देणारे सहसा सांगत नाहीत. किंबहुना पॅसिव्ह टाळण्याच्या सल्ल्याचे आज्ञाधारकपणे पालन करणारा लेखक ‘द फाइल्स वेअर डिस्ट्रॉइड’ ऐवजी ‘द फाइल्स डिसअपिअर्ड’ असे ॲक्टिव्ह वाक्य लिहील, आणि ‘डेलिबरेटली’ला टेकण्यासाठी असलेला शेवटचा आधारही काढून घेईल.

‘चुका झाल्या’ या अर्थाचे अमेरिकन राजकारणातील कुप्रसिद्ध पॅसिव्ह वाक्य याच दृष्टीने पुन्हा वाचता येते. जानेवारी १९८७ मध्ये इराणला केलेल्या शस्त्रविक्रीच्या प्रकरणाविषयी बोलताना अध्यक्ष रेगन यांनी गंभीर चुका केल्या गेल्याचे पॅसिव्हमध्ये मान्य केले होते, आणि तेव्हापासून ते वाक्य पॅसिव्हच्या अपराधाचा नमुना म्हणून दाखविले जाते. परंतु त्यातील पळवाट क्रियापदात कमी आणि नामात अधिक आहे. ‘मिस्टेक्स’ हे नाम स्वीकारले की ‘डेलिबरेटली’ला तेथे प्रवेश मिळत नाही, चूक हेतुपुरस्सर असेल तर ती चूक उरत नाही. तीव्रता सांगणारे विशेषण त्या नामाला लागले, हेतू सांगणारे क्रियाविशेषण लागू शकले नाही. ‘वुई मेड मिस्टेक्स’ असे ॲक्टिव्हमध्ये म्हटले असते तर नाव आले असते. हेतूची चौकशी तेव्हाही बाहेरच राहिली असती.

५

काळाच्या खुणेजवळ बसणारी, बोलणाऱ्याची म्हणून मानलेली क्रियाविशेषणे वृत्तपत्री इंग्रजीत विशेष काम करतात. ‘रिपोर्टेडली’, ‘अलेजेडली’, ‘सपोजेडली’ या शब्दांची घडण पाहिली तर ते मुळात पॅसिव्ह धातुसाधितापासून बनलेले दिसतात. ‘रिपोर्टेडली’ म्हणजे ‘ज्याचे वृत्त दिले गेले आहे त्यानुसार’. हे एका शब्दात घडी घालून ठेवलेले संपूर्ण पॅसिव्ह वाक्य आहे, आणि त्याचाही कर्ता गळालेला आहे. म्हणून ‘ही वॉज रिपोर्टेडली किल्ड’ या चार शब्दांत दोन कर्ते अनुपस्थित असतात : मारणारा आणि वृत्त देणारा. वाचकाचे लक्ष पहिल्याकडे जाते. दुसरा मात्र क्रियाविशेषणाच्या आड सुखरूप राहतो. ‘बाय’ लावून त्याला वाक्यात परत आणण्याची सोयही व्याकरणाने ठेवलेली नाही. पॅसिव्ह क्रियापद कर्त्याला परत येण्यासाठी दार उघडे ठेवते. पॅसिव्हपासून बनलेले क्रियाविशेषण ते बंद करते. लपविण्याचे साधन म्हणून दोहोंत अधिक परिणामकारक कोणते, हे यावरून ठरविता यावे.

‘अलेजेडली’ला कायद्याचे संरक्षक मूल्य आहे आणि न्यायालयीन वार्तांकनात त्याची गरजही असते. तरीही ते नेमके कशावर पडते हे वाक्यावरून पुष्कळदा ठरत नाही. ‘द मॅन वॉज अलेजेडली असॉल्टेड बाय हिज नेबर’ यात मारहाण झाली हाच आरोप आहे, की मारहाण निश्चित आहे आणि शेजाऱ्याने केली एवढाच आरोप आहे? क्रियाविशेषण संपूर्ण विधानावर पसरते आणि त्यातील कोणता भाग सिद्ध आहे ते सांगत नाही.

‘वाइडली बिलीव्ह्ड’, ‘जनरली ॲक्सेप्टेड’ यांची प्रकृती वेगळी आहे. ही क्रियाविशेषणे कर्त्याचे नाव सांगत नसली तरी त्याची संख्या सांगतात. ‘जनरली’ ऑर्वेल यांच्या वाक्यात प्रामाणिक ठरते, कारण ज्या मताचे खंडन करावयाचे आहे ते अनेकांचे आहे एवढेच तेथे सांगावयाचे आहे. जेव्हा तेच क्रियाविशेषण मताच्या समर्थनासाठी येते तेव्हा ते पुराव्याची जागा घेऊ लागते. एकाच जोडीचे मूल्य असे युक्तिवादातील तिच्या कामावरून ठरते.

विनंतीच्या भाषेतील ‘यू आर काइंडली रिक्वेस्टेड’ हे रोजचे वाक्यही बोधप्रद आहे. ‘काइंडली क्लोज द डोअर’ यात कृपा ऐकणाऱ्याने करावयाची आहे. पॅसिव्हमध्ये ‘काइंडली’ हे ‘रिक्वेस्टेड’ला जाऊन चिकटते आणि व्याकरणाच्या हिशेबाने कृपा विनंती करणाऱ्याची होते. ज्याच्याकडे मागावयाचे त्याच्या पदरातील सौजन्य मागणाऱ्या संस्थेने नकळत स्वतःच्या नावावर जमा केलेले असते. वापराने हा अर्थ बोथट झाला आहे हे खरे. परंतु संस्थांच्या भाषेतील अधिकार किती सूक्ष्म वाटांनी येतो हे त्यातून दिसते.

६

या विवेचनानंतर चिकित्सक भाषाविज्ञानाच्या मूळ उदाहरणाकडे परत जाणे योग्य होईल. १९७५ साली ऱ्होडेशियातील सॅलिसबरी, म्हणजे आजचे हरारे, येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबाराची ‘द टाइम्स’ आणि ‘द गार्डियन’ या दोन ब्रिटिश दैनिकांनी दिलेली वृत्ते टोनी ट्रू यांनी शेजारी ठेवून वाचली. ‘गार्डियन’च्या शीर्षकात पोलीस ॲक्टिव्ह क्रियापदाचे कर्ते म्हणून आरंभीच येतात, ‘टाइम्स’च्या शीर्षकात पॅसिव्हमुळे ते मागे सरकतात. ट्रू यांचे निरीक्षण अचूक आहे. परंतु ‘टाइम्स’च्या शीर्षकात पोलीस ‘बाय’सह हजर आहेत. मृतांना लावलेले ‘दंगल करणारे’ या अर्थाचे विशेषण तेथे खरा ठपका ठेवते. रचनेने क्रम बदलला. निवाडा दिला तो जोडशब्दाने.

हाच मुद्दा क्रियाविशेषणांच्या साहाय्याने अधिक नेमका करता येतो. ‘फाइव्ह प्रोटेस्टर्स वेअर किल्ड’ हे एक वाक्य घ्यावे आणि त्यात क्रमाने ‘ॲक्सिडेंटली’, ‘ब्रूटली’ आणि ‘रिपोर्टेडली’ ही क्रियाविशेषणे घालावीत. चारही वाक्ये पॅसिव्ह आहेत. चारांतही कर्ता नाही. केवळ क्रियापदांची रूपे मोजणाऱ्या विश्लेषकाच्या तक्त्यात ती एकाच रकान्यात पडतील. पण पहिले कर्त्याविषयी मौन पाळते. दुसरे कर्त्याचा हेतू नाकारते, आणि ज्याचा हेतू नाकारला जातो तो अस्तित्वात असल्याचे त्यामुळेच मान्य करते. तिसरे कर्त्याला नाव न घेता दोषी ठरविते. चौथे मृत्यूच अनिश्चित करून ठेवते. नैतिकदृष्ट्या एवढ्या भिन्न असलेल्या चार विधानांना ‘कर्तालोप’ या एकाच संज्ञेखाली घालणारी समीक्षा मजकुराच्या विचारप्रणालीविषयी निष्कर्ष काढण्यास असमर्थ ठरते.

चिकित्सक भाषाविज्ञानावर इतर दिशांनीही आक्षेप आले आहेत. विश्लेषक आपल्या पूर्वग्रहांना अनुकूल तेवढेच वैशिष्ट्य मजकुरातून वेचतो, हा एच. जी. विडोसन यांचा आक्षेप. या शाखेचे अभ्यासक स्वतःच्या लेखनात त्याच कर्ताहीन रचना सर्रास वापरतात, हे मायकेल बिलिग यांनी २००८ मध्ये दाखविलेले वास्तव. आणि पॅसिव्हवर टीका करणाऱ्यांना पुष्कळदा पॅसिव्ह ओळखताच येत नाही, ही जेफ्री पुलम यांनी २०१४ मध्ये केलेली पुराव्यासहितची तक्रार. या आक्षेपांमुळे त्या शाखेचे मूळ प्रयोजन मात्र रद्द होत नाही. सत्तेची भाषा जबाबदारी कशी विरघळविते हे पाहणे समीक्षेचे काम आहेच. ते पाहण्यासाठी निवडलेले एकक अपुरे होते. क्रियापदाऐवजी क्रियाविशेषणासहित क्रियापद हे एकक धरले तर तीन प्रश्न विचारता येतात : क्रियाविशेषण स्थिती मोजते की कृती, त्याला मन हवे असेल तर ते कोणाचे, आणि त्यातील निवाडा देणारा वाक्यात किंवा संदर्भात सापडतो की नाही.

७

मराठीतून इंग्रजी मजकूर वाचणाऱ्या आणि भाषांतरित करणाऱ्या अभ्यासकाला या प्रश्नांची आणखी एक निकड आहे. इंग्रजी जे काम पॅसिव्ह आणि क्रियाविशेषण यांच्या जोडीने करते त्याचा मोठा वाटा मराठीत धातूच उचलतो. बुडणे आणि बुडविणे, जळणे आणि जाळणे, तुटणे आणि तोडणे या जोड्यांत कर्त्याची जागा आहे की नाही हे क्रियापदाच्या धातूतच ठरून जाते. ‘द हाउस वॉज बर्न्ट’ या इंग्रजी वाक्यात आग लागली की लावली गेली हे स्पष्ट नसते. ते ‘डेलिबरेटली’ने स्पष्ट होते. मराठी भाषांतरकाराला तेवढी संदिग्धता उपलब्धच नाही. ‘घर जळाले’ लिहिले की कर्ता संपला. ‘घर जाळण्यात आले’ लिहिले की कर्ता उभा राहिला. इंग्रजी लेखकाने राखलेले मौन मराठीत एका बाजूने मोडावेच लागते, आणि कोणत्या बाजूने मोडावे याचा आधार पुष्कळदा शेजारच्या क्रियाविशेषणातच शोधावा लागतो.

परिमाणवाचक जोड्यांचे मराठीत वेगळेच होते. ‘स्ट्राँगली कंडेम्ड’चे ‘तीव्र निषेध करण्यात आला’ होते. ‘बॅडली डॅमेज्ड’चे ‘मोठे नुकसान झाले’ होते. क्रियाविशेषण विशेषण बनून नामाकडे जाते आणि क्रियापदाकडे ‘करणे’ किंवा ‘होणे’ एवढेच काम उरते. यातील ‘करण्यात आला’ने कर्त्याची जागा राखली, ‘झाले’ने ती पुसली. हा भेद इंग्रजी मूळ वाक्यात त्या रूपात नव्हता. तो भाषांतराने निर्माण केला.

‘सर्वसाधारणपणे असे मानले जाते’ हे मराठी समीक्षेतील लाडके वाक्य याच संदर्भात तपासण्यासारखे आहे. मराठी व्याकरण ज्याला नवीन कर्मणी म्हणते त्या ‘जाणे’युक्त रचनेवर इंग्रजीचा प्रभाव आहे हे व्याकरणकारांनी नोंदविले आहेच, येथे तर क्रियाविशेषणासहित संपूर्ण जोडीच इंग्रजीतून आलेली दिसते. ऑर्वेल यांनी ती जोडी ज्या मताचे खंडन करावयाचे त्याच्यासाठी वापरली होती. मराठी समीक्षालेखनात ती पुष्कळदा लेखकाच्या स्वतःच्या मताला बहुमताचा आधार देण्यासाठी येते. मानणारे कोण, हे विचारण्याची जबाबदारी अशा वेळी वाचकावर पडते, आणि ‘मानले जाते’ हे रूप वगळून तो प्रश्न सुटत नाही. ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाला हिशेब विचारावा लागतो.